फूटपट्टीखालचा उजेड

मार्गशीर्ष लागला की सूर्य कलतो आणि आमच्या मागच्या दाराखालून उजेडाची एक रेघ घरात शिरते. वर्षभर ती नसते. पावसाळ्यात दार फुगून उंबऱ्याला चिकटतं, उन्हाळ्यात ऊन थेट माथ्यावर येतं. थंडीचे दोन महिने मात्र सकाळी चहाच्या वेळेला ती येतेच. केसाएवढी बारीक, पण लख्ख पांढरी. फरशीवर पडते, हळूहळू माझ्या खुर्चीकडे सरकते, आणि मी पाय वर घेतो.

सुनेला वाटतं मला थंडी वाजते. "मामा, दाराला खालून रबर ठोकून घेऊ का? किती गार वारा येतो," ती दरवर्षी विचारते. दरवर्षी मी नको म्हणतो. ती बिचारी मग माझ्या पायावर शाल टाकून आपल्या कामाला जाते.

त्या दाराशी लोखंडाची एक पाटी टेकवून ठेवलेली असायची, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. वीतभर लांब, चार बोटं रुंद, चांगली जाड. माझी बायको मंदा हिनं ती तिथं ठेवली होती. मी ती कापडात गुंडाळून माळ्यावर लपवली होती. एकदा साफसफाईत तिला सापडली आणि तिनं तिला काम लावलं. घरात निरुपयोगी वस्तू तिला बघवत नसे. त्यानंतर कितीतरी हिवाळे मी त्या पाटीकडे न बघता चहा प्यायलो. जवळजवळ न बघता.

लोक थंडीचं नाव काढलं की हुरड्याच्या गोष्टी सांगतात. माझ्या लेखी थंडी म्हणजे मोसंबीचे डोळे भरायचा हंगाम. आमच्या जालना भागात मोसंबीच्या रोपवाटिका पुष्कळ. जंभेरीचं, म्हणजे खुंटासाठी लावलेल्या रानटी लिंबाचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला उभा-आडवा काप घ्यायचा. चांगल्या झाडाच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतात असलेला कोंब, सालीसकट तासून काढायचा. तो त्या कापात सरकवायचा आणि वर प्लास्टिकची फीत घट्ट गुंडाळायची. वीसेक दिवसांनी फीत सोडली की निकाल. डोळा हिरवा असला तर झाड झालं. तपकिरी पडला असला तर तो खुंट त्या हंगामाला गेला.

डोळे भरणारी माणसं वाफ्यांमधून उकिडवी बसून पुढं सरकत असतात. कुणी बोलत नाही. जंभेरीच्या सालीचा कडवट वास हवेत भरून असतो आणि चाकूचा बारीक चर्र आवाज तेवढा येत राहतो. एखादा जुना गडी चाकू दातात धरून फीत गुंडाळतो. दूरवरून बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं जमिनीतलं काहीतरी हरवलेलं शोधतायत.

या कामाला जो चाकू लागतो, त्याच्या पात्याची एक बाजू अगदी सपाट असावी लागते. सपाट पात्यानं तासलेला डोळा खुंटाच्या लाकडाला सगळीकडून चिकटतो. पात्याला जरा पोट असलं तर डोळ्याची आतली बाजू वाटीसारखी खोलगट निघते, मधे हवा राहते आणि डोळा सुकतो. वरून काही दिसत नाही. फितीखाली गुपचूप सुकत जातो.

असे चाकू आम्ही बनवायचो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्या जालन्यात, कुंडलिका नदीच्या अलीकडे, माझं पत्र्याचं शेड होतं. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचं, पोलाद घ्यायचं, ठोकायचं, कापायचं, घासायचं. शेड माझं, मोटारी माझ्या, दारावरच्या फलकावर नाव माझं. हात मात्र मुनीरभाईंचे.

मुनीरभाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. घरी उर्दू, शेडमध्ये मराठी, आणि पातं बिघडलं तर दोन्ही. सडपातळ माणूस, मनगटं मात्र सुताराची असावीत तशी. घासकाम फक्त तेच करायचे. तयार झालेलं पातं डोळ्यांनी बघायच्या आधी ते अंगठ्यानं बघायचे. पात्यावरून अंगठा सावकाश फिरवायचा, मान किंचित तिरकी, जणू कुणी कानात काही सांगतंय. मग "बराबर" म्हणायचे आणि मुठीजवळ पंचानं दोन ठिपके ठोकायचे. ती त्यांची खूण. भोकरदनपासून पार अंबडपर्यंतचे रोपवाटिकावाले दुकानात येऊन माझ्या नावाचा चाकू मागत नसत. "दोन ठिपक्यांचा द्या," म्हणत.

ते मला कधी कधी टोचायचं. कधी कधी म्हणतो, तेही अर्धं खरं आहे. रोज टोचायचं.

आता पाटीचं सांगतो. घासायचं मशीन म्हणजे फिरत्या चाकांवर चढवलेला एक खरखरीत पट्टा. पट्टा मोटारीच्या जोरावर धावतो आणि आपण पातं त्याच्यावर दाबायचं. पण नुसता पट्टा दाबानं आत जाईल, म्हणून त्याच्या मागे लोखंडाची एक सपाट पाटी घट्ट बसवलेली असते. पट्टा तिच्या पाठीवरून घासत पळतो. पाटी सपाट तर पातं सपाट. पट्टा पात्याला खातो तसा हळूहळू पाटीलाही खातो. तिच्यात मधोमध खळगा पडतो, आणि खळगा पडला की पात्याला पोट येतं. पाटी निवडणं म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरच्या माणसाला ती दिसतही नाही, पट्ट्याआड असते.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मुनीरभाई म्हणाले, "अण्णा, जुनी पाटी गेली. हंगामाच्या आधी बदलून टाका."

शेडसमोर गोणपाटावर तीन गोष्टी मांडल्या होत्या. एक कमानपाट्याचा काळा तुकडा. तो मुनीरभाई स्वतः तापवून, तेलात विझवून कडक करणार होते. पण कडक करताना पोलाद वाकतं, म्हणून नंतर औरंगाबादला नेऊन मोठ्या मशीनवर सपाट करून आणायला लागणार होतं. आठ-दहा दिवस मोडले असते. दुसरी एक जाड काच, लोखंडावर चिकटवायची. ती मुनीरभाईंची आवड. आणि तिसरी मी आणलेली, मऊ लोखंडाची, एका कारखान्याच्या भंगारातून मी स्वतः निवडलेली. तिचं तोंड इतकं सुरेख होतं की त्यात आभाळ दिसत होतं.

"काच घिसत न्हाई अण्णा," मुनीरभाई म्हणाले. "हैद्राबादला पाह्यलं मी. इस्त्री केल्यावानी पातं निघतं."

"तापली की तडकेल."

"जाड हाय. आणि पातं पाण्यात बुडवत राह्यचं. एकदा लावून तर बघू."

"मुनीरभाई, काचेचंच काम करायचं असेल तर बांगड्या विका."

शेडमधली दोघं-तिघं हसली. मुनीरभाईही हसले. "माझ्या साल्याचं दुकान हायच की राजूरला. तुम्ही काढलं की तिथंच जाऊन बसतो."

मग माझ्या पाटीवर अंगठा फिरवून ते म्हणाले, "तोंड चांगलं हाय हिचं. पण नरम हाय. महिना बी टिकायची न्हाई."

"लोखंड मला शिकवू नका," मी म्हणालो.

माझीच पाटी बसली.

जेमतेम पंधरा दिवस गेले असतील. केदारखेड्याच्या भगवानरावांची मोठी मागणी होती. त्यांची रोपवाटिका तेव्हा भरात होती आणि डोळे भरायला त्यांनी बरीच माणसं लावली होती. मुनीरभाई एक पातं घेऊन माझ्या टेबलाशी आले. घासून झालेलं पातं शेवटी तेलाच्या दगडावर फिरवायचं असतं. सपाट असेल तर सगळं सारखं चमकतं.

"हे बघा. मधेच चमकून राह्यलंय. कडा काळ्याच."

"हात डुलत असेल."

"माझा?"

रागानं नाही विचारलं त्यांनी. खरंच कळेना म्हणून विचारलं. आणि हे खरंही होतं की घासताना हात डुलला तरी पात्याला पोट येतं आणि पाटी खचली तरी येतं. पात्यावरून सांगता येत नाही, दोष कुणाचा.

"पट्टा उतरवून पाटीला फूटपट्टी लावू. अर्धा घंटा लागंल."

"परवा माल जायचाय. हंगामात मशीन उघडून बसू?"

ते गेले. दोन दिवस एकेक पातं दगडावर घासत बसले. काही सुधारली, बरीचशी नाही. ठिपके ठोकायच्या वेळी पंच हातात घेऊन थांबले आणि माझ्याकडे बघितलं. "ठोका," मी म्हणालो. त्यांनी ठोकले. जाताना स्वतःचा उजवा हात डाव्या हातानं दाबत होते, बोटं मोजावीत तसे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, शेडमध्ये भगवानरावांचा फोन आला. "दुपारी येऊन राह्यलो. शेडवरच रहा." एवढंच. आवाजावरून मी ओळखलं.

दुपारी मुनीरभाई जुम्याच्या नमाजाला गेले. शेडमध्ये कुणी नव्हतं, बाकीचे जेवायला गेले होते. मी मशीन बंद केलं. पट्टा सैल करून उतरवला. पोलादी फूटपट्टी पाटीवर आडवी धरली आणि खाली वाकून दाराकडून बघितलं. दारातून हिवाळ्याचं तिरपं ऊन येत होतं. फूटपट्टीच्या दोन्ही टोकांना काळोख होता. मधे उजेडाची एक बारीक रेघ होती.

मी फूटपट्टी उलटी करून लावली. रेघ तिथंच. पाटी पुसून लावली. रेघ तिथंच.

पट्टा परत चढवायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, हे आठवतं. चढवून झाल्यावर मी हात धुतले, तेही आठवतं. घाईत धुतले नाहीत. साबण लावून, सावकाश.

भगवानराव आले ते दोन माणसं घेऊन. तोवर बाकीचे जेवून आले होते. त्याच वेळी मुनीरभाई परतले, टोपी अजून डोक्यावर होती. भगवानरावांनी धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली पुरचुंडी माझ्या टेबलावर सोडली. तपकिरी पडलेले, वाळून वाटीसारखे वळलेले डोळे. मूठभर. टेबलभर पसरले.

"अण्णा, दोन ठिपके बघून घेतल्ते मी," भगवानराव म्हणाले. "वाफेच्या वाफे भरले गड्यायनं. फिती सोडून राह्यलो तं हे. रोग न्हाई, गारठा न्हाई. चाकू काचेवर ठिवून पाह्यला, डुलतंय पातं. पोट हाय त्याला. आता सांगा, मशीन खराब का माणूस?"

मी काही बोलायच्या आत मुनीरभाई पुढं आले. "अण्णा, एकदा पाटी बघू या. आत्ताच. सगळ्यांसमोर."

सगळे माझ्याकडे बघत होते. ती पाटी मी निवडली होती हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. नरम आहे म्हणून कोणी सांगितलं होतं, हेही. मी हसलो. मला अजून ते हसू माझ्या तोंडावर जाणवतं, गालाच्या आत काहीतरी अडकल्यासारखं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो.

भगवानरावांची माणसं खो खो हसली. भगवानराव हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली. ते मुनीरभाईंकडे वळले आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "होतं बाबा. वय झालं की हात जातो माणसाचा."

मुनीरभाईंनी उजवा हात समोर सरळ धरला, तळवा खाली, आणि त्याच्याकडे बघत राहिले. आम्हीही बघत होतो. तो हात हलत नव्हता. अजिबात हलत नव्हता. त्या हातावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला असता तर थेंब सांडला नसता. आणि तरी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला, मी सोडून, तो हलताना दिसला असावा. त्यांना स्वतःलाही.

"हो सकता है," ते म्हणाले.

त्यांनी आपल्या जागेचा लोखंडाचा चुरा झाडून काढला, अंगावरचा कातडी ॲप्रन खुंटीला अडकवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. पुढच्या महिन्यात कळलं, राजूरला साल्याच्या बांगड्यांच्या दुकानात बसतात.

मी पुढं जे केलं ते त्याहून वाईट आहे. पाटी बदलली. गुपचूप, कमानपाट्याची, औरंगाबादहून सपाट करून आणलेली. आणि घासायला नवा माणूस ठेवला. नव्या माणसाची पाती सरळ निघू लागली. पाटी आणि माणूस एकाच वेळी बदलले होते. लोकांना दिसला तो माणूस. मला पुन्हा खोटं बोलायची गरजही पडली नाही. पाती माझ्या वतीनं बोलत राहिली. जालन्याच्या लोखंडवाल्यांच्या गल्लीत एवढंच झालं, "मुनीरभाईचा हात गेला." मग त्यांना कोण घासकाम देणार?

खचलेली पाटी मी फेकू शकलो नाही. भंगारात टाकली असती तर वितळून कुठंतरी सळई झाली असती, कुणाच्या तरी छतात गेली असती. पण मी ती घरी आणली. का आणली, याचं उत्तर मला अजून सापडलं नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली. सपाट म्हणवणारी कुठलीही वस्तू दिसली की मी तिच्या काठाशी डोळा नेतो. पोळपाट, टेबल, दवाखान्यातलं बाक. मंदा पोळ्या लाटत असताना मी एकदा पोळपाटाखाली वाकून बघत होतो. "काय हरवलं?" तिनं विचारलं. भोकरदन रस्त्यानं जाताना मोसंबीच्या बागा लागतात. ओळीत एखादं झाड नसलं की माझी नजर तिथं अडकते. ते झाड कशानंही गेलं असेल, उन्हानं, वाळवीनं. पण मला वाटतं, ते त्या वर्षीचं. एसटी पुढं जाते आणि ते नसलेलं झाड माझ्याबरोबर खिडकीत येतं.

मंदाला मी अर्धं सांगितलं. पुढच्या खंडेनवमीला शेडमध्ये मशीनं धुऊन हळद-कुंकू वाहायचं होतं. आमच्याकडे रीत अशी की ज्याचं त्यानं आपलं हत्यार पुसायचं. मुनीरभाईसुद्धा दरवर्षी आपलं मशीन स्वतः पुसून त्याला मोगऱ्याचा गजरा बांधायचे. त्या वर्षी गजरा आणायला कुणी नव्हतं. घरी येऊन मी जेवायला उठलो नाही, तेव्हा तिनं खोदून विचारलं. मी सांगितलं, "आज पट्टा उतरवला तेव्हा कळलं. जुनी पाटीच खचलेली होती. मुनीरभाईंची चूक नव्हती."

नवी पाटी बसून दहा महिने झाले होते, पट्ट्याखाली आज जुनी सापडणं शक्यच नव्हतं. तिला मशीनमधलं काय कळणार, म्हणून खपलं.

"मग सांगा की त्यांना," ती म्हणाली.

"सांगतो."

ती चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जायची. एकदा परत आली ती हात पुढं करून. "बघा. मुनीरभाईंकडून भरल्या. माझे हात किती आखडलेत, कासारणी दर वेळेला दोन-तीन फोडतात. यांनी डझनभर चढवल्या, एक तडकली नाही, एक ओरखडा नाही. बोलतात आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असते." मग माझ्याकडे बघून, "सांगितलं का तुम्ही?"

"सांगेन."

दर चतुर्थीला तिनं विचारलं. तीच का सांगत नाही, असं मी एकदा चिडून म्हणालो, तर म्हणाली, "मी सांगितलं तर तो निरोप होईल." पुढं तिनं विचारणं सोडलं. बांगड्या मात्र त्यांच्याकडूनच भरत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा हातात त्यांनीच चढवलेला हिरवा चुडा होता. तिला न्यायच्या आधी मी तिचा हात हातात घेतला आणि त्या बांगड्या मोजत बसलो. एकही तडकलेली नव्हती.

यंदा मार्गशीर्षात रेघ पुन्हा आली. माझ्या पायाशी आली. मी पाय वर घेतले नाहीत. उठलो, दाराजवळची पाटी उचलली, कापडी पिशवीत घातली, फूटपट्टी घेतली आणि राजूरची एसटी धरली.

चतुर्थी नव्हती, त्यामुळं मंदिराबाहेर गर्दी नव्हती. दुकान लहानसं, दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या माळा. मुनीरभाई गादीवर बसले होते. दाढी पांढरी, डोळ्यांत मोतीबिंदूचा धुरकट रंग. समोर एक बाई हात पुढं करून बसलेली. तिच्या हाताकडे ते बघतही नव्हते. बोटं दाबत, अंगठा आत वळवत बांगड्या चढवत होते.

"कोण हाय?" सावली पडली म्हणून त्यांनी विचारलं.

"मी. जालन्याहून."

त्यांची बोटं थांबली. "अण्णा?" मग म्हणाले, "बैठो." आणि राहिलेल्या दोन बांगड्या चढवल्या. बाईला म्हणाले, "बेटी, जरा रुक. पाहुणे आलेत."

मी पाटी काढून त्यांच्यासमोर ठेवली. वर फूटपट्टी धरली. वाटभर मनात घोकलेलं वाक्य तेवढं बोललो. "मुनीरभाई, खालून बघा. उजेड दिसतोय."

"मला एवढं बारीक दिसत न्हाई आता, अण्णा. काय हाय हे?"

मी उत्तर देणार, तोवर त्यांचा हात पाटीवर आला होता. फूटपट्टी त्यांनी बाजूला सारली. अंगठा पाटीच्या एका टोकाला टेकवला आणि सावकाश फिरवत नेला. मान तिरकी झाली. मधोमध आल्यावर अंगठा थांबला. जरा मागे गेला, पुन्हा पुढं आला.

"इथं," ते म्हणाले.

पाटी ओळखली होती त्यांनी.

"कवा पाह्यलं तुम्ही?"

खंडेनवमी माझ्या जिभेवर तयार होती. इतकी वर्षं घोटलेली. ती सांगितली असती तर मी निष्काळजी ठरलो असतो, एवढंच.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "तुम्ही नमाजाला गेल्ता तेव्हा. पट्टा उतरवून पाहिलं."

"भगवानराव यायच्या आधी?"

"आधी."

"आणि मी म्हटलं पाटी बघू, तेव्हा तुम्हाला मालूम होतं."

"होतं."

समोरच्या बाईनं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तिनं हात मांडीवर घेतले.

"मी रोज सकाळी कागदावर रेघ मारून बघायचो," मुनीरभाई सांगू लागले. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "हातानं, पट्टी न लावता. सरळ यायची. मंग म्हणायचो, कागदावर येतीया, लोखंडावर येत न्हाई. सालों साल. थोरल्याला मशीन शिकायचं होतं. मी हात लावू दिला न्हाई त्याला. म्हटलं, बेटा, आपल्या घराण्याचा हात कच्चा हाय, लोकांचं नुकसान होईल. तो आता पुण्याला वॉचमन हाय."

"माफ करा" हे शब्द मी घेऊन आलो होतो. ते काढले, पण त्यांनी हातानंच थांबवले.

"मला सांगून काय फायदा अण्णा? मला तं आता अंगठ्यानंच सांगितलं. ज्यांच्यासमोर बोलल्ता त्यांना सांगा."

"भगवानराव गेले. त्या दिवशीचं आता कोणी उरलं नाही."

"त्यांची पोरं हायेत. गल्लीतल्यांची हायेत. लिहा. मराठीत लिहा, म्हंजे सगळे वाचतील. माझं नाव पूरा लिहा."

"लिहितो."

"तुम्ही लिहिलेलं खरं कोण मानंल?"

त्यांनी चाचपून बांगड्या गुंडाळायचा एक कागद ओढला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि त्या कागदावर, डावीकडून उजवीकडे, एक रेघ मारली. हात न थांबवता. कागद माझ्याकडे सरकवला.

"सरळ हाय का?"

मी फूटपट्टी लावली. रेघ बरीचशी सरळ होती. ऐंशीच्या घरातल्या, न दिसणाऱ्या माणसाची म्हणून तर नवल वाटावं इतकी. पण शेवटी, उजव्या टोकाला, ती जवसाच्या दाण्याएवढी खाली उतरली होती. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांना जेवढा दिसत होता तेवढ्याकडे.

"शेवटी जरा खाली गेली," मी म्हणालो. "उजव्या टोकाला."

मुनीरभाई हसले. शेडमध्ये हसायचे तसे, आवाज न करता, खांदे हलवत.

"मला बी तसंच वाटलं," ते म्हणाले. "आता लिहा."

पाटी त्यांनी ठेवून घेतली. बाईकडे वळून म्हणाले, "हां बेटी, ला हात."

म्हणून लिहितो. शेख मुनीर शेख अमीन, राहणार जालना, हल्ली राजूर, यांचा हात सरळ होता. त्या हिवाळ्यात केदारखेड्याचे डोळे त्यांच्या हातानं सुकले नाहीत. पाटी नरम होती. त्यांनी तसं सांगितलं होतं. ती मी निवडली होती, ती खचलेली मी पाहिली होती, आणि सगळे बघत असताना मी त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं.

आज सकाळी मागचं दार वाऱ्यानं आपटलं. टेकवायला आता काही नाही.